पैकीच्या पैकी गुण, तरीही नकार: अमेरिकी प्रवेशांचा हिशेब

मार्चच्या अखेरीस एका संध्याकाळी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांच्या पंगतीतली ‘आयव्ही लीग’ विद्यापीठे आपले प्रवेशनिर्णय एकाच वेळी जाहीर करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत त्या संध्याकाळी ताटे वाढायची राहतात, मुलगी लॅपटॉप घेऊन खोलीचे दार लावून बसते आणि दहा मिनिटांनी दार उघडते तेव्हा निकाल विचारावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आजोबांचा फोन येतो. “अगं, पण तिला तर सॅटमध्ये 1600 पैकी 1600 होते ना?” या प्रश्नावर आईला चटकन उत्तर सुचत नाही.

आजोबांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो वेगळ्या व्यवस्थेत वाढलेल्या माणसाचा आहे. आपल्याकडे जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल म्हणजे क्रमवारी. प्रवर्गनिहाय याद्या लागतात, विद्यार्थी पसंतीक्रम भरतो आणि संगणक क्रमांकानुसार जागा वाटत जातो. देशात पहिल्या आलेल्या मुलाला आयआयटी मुंबईतली संगणकशास्त्राची जागा हवी असेल, तर ‘तू आम्हाला फारसा रुचला नाहीस’ असे सांगण्याचा अधिकार कोणाही प्राध्यापकाला नसतो. अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठांत अशी यादीच नसते. तिथे परीक्षेचे गुण हा अर्जाच्या फायलीतला एक कागद असतो आणि त्या कागदाकडून विद्यापीठाला जे हवे असते, ते 1600 च्या बऱ्याच अलीकडे मिळून गेलेले असते.

आधी या 1600 चा अर्थ नीट पाहायला हवा. सॅट या अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या परीक्षेचे दोन विभाग असतात, वाचन-लेखन आणि गणित, आणि प्रत्येक विभागाला 200 ते 800 गुण मिळतात. 2024 पासून अमेरिकेतही ही परीक्षा पूर्णपणे संगणकावर होते. तिचा वेळ 2 तास 14 मिनिटे आणि प्रश्न 98. प्रत्येक विभागाचे दोन भाग पाडलेले असतात. पहिल्या भागात विद्यार्थ्याने चांगली कामगिरी केली, तर दुसऱ्या भागात त्याच्यापुढे अवघड प्रश्न येतात, नाहीतर सोपे येतात. आणि सोप्या वाटेला लागलेल्याला 800 पर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय प्रत्येक भागात दोन, म्हणजे एकूण आठ प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून टाकलेले असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत. ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. म्हणजे 1600 मिळवणाऱ्याची सगळी उत्तरे बरोबर असतीलच असे नाही, आणि सारख्याच संख्येने चुका केलेल्या दोघांचे गुण सारखे येतील असेही नाही, कारण प्रश्नाच्या काठिण्यावर त्याचे वजन ठरते.

परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्थासुद्धा गुणपत्रकात निव्वळ आकडा छापून थांबत नाही, तर त्याच्या शेजारी एक पट्टा देते. हाच विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या शनिवारी परीक्षेला बसला असता, तर त्याचे गुण साधारण कुठून कुठपर्यंत आले असते, हे तो पट्टा सांगतो. विभागागणिक हा पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे 30 गुणांचा असतो. 1570 आणि 1600 यांतला फरक त्यात आरामात बुडतो. त्यात भर म्हणजे अनेक विद्यापीठे वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतले विभागवार सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे ऑगस्टमधले वाचनाचे 800 आणि ऑक्टोबरमधले गणिताचे 800 जोडूनही 1600 होतात. एसीटी या दुसऱ्या परीक्षेत तर वर्षानुवर्षे चार विभागांची सरासरी काढून ती जवळच्या पूर्णांकात मोजत आले; सरासरी 35.5 आली तरी गुणपत्रकावर 36 पैकी 36 छापून येत.

पूर्वी हे इतके सैल नव्हते. 1995 मध्ये कॉलेज बोर्डाने सॅटचे माप नव्याने बसवले, कारण मूळ मापात 500 वर असायला हवी ती सरासरी भाषेच्या विभागात बरीच खाली घसरली होती. सरासरी उचलून पुन्हा 500 च्या जवळ आणली, तेव्हा शिखरही आपोआप सपाट झाले आणि जुन्या मापात भाषेत 730 मिळवणाऱ्याला नव्या मापात 800 मिळू लागले. त्याआधी दोन्ही विभागांत पैकीच्या पैकी मिळवणे ही वर्षाकाठी अगदी मोजक्यांना साधणारी गोष्ट होती. मोजपट्टीचे वरचे टोक अशा रीतीने जवळ आणले की त्या टोकाला टेकलेल्या सगळ्यांची उंची सारखी दिसू लागते. त्यांच्यातला खरोखर उंच कोण, हे ती पट्टी सांगू शकत नाही.

आता मागणी-पुरवठ्याचे गणित. हार्वर्डने हे आकडे स्वखुशीने सांगितले नसते, पण आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध 2014 मध्ये दाखल झालेल्या आणि 2018 मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी झालेल्या खटल्यामुळे ते बाहेर आले. 2019 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकडीसाठी सुमारे 35,000 अर्ज आले होते आणि जागा होत्या 1,600 च्या आसपास. अर्जदारांपैकी सुमारे 2,700 जणांना सॅटच्या भाषाविभागात पैकीच्या पैकी गुण होते, गणितात सुमारे 3,400 जणांना, आणि शाळेतल्या श्रेणींची सरासरी निर्दोष असलेले तर 8,000 हून अधिक होते. निव्वळ गणितातल्या 800 वाल्यांना प्रवेश द्यायचा म्हटला, तरी तुकडी दोनदा भरून वर मुले उरली असती. त्यानंतर अर्ज आणखी फुगले. 2028 च्या तुकडीसाठी ते 54,000 वर गेले आणि त्यातल्या साधारण 3.6 टक्के अर्जदारांना होकार मिळाला.

याच खटल्यात फाईल कशी वाचली जाते तेही उघड झाले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. वाचणारा अधिकारी अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर कामगिरी, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा बाबींसाठी 1 ते 6 अशी श्रेणी देतो. 1 म्हणजे सर्वोत्तम. सॅटच्या प्रत्येक विभागात सातशेच्या मध्यापासून वरचे गुण आणि शाळेतल्या उत्तम श्रेणी असतील, तर अभ्यासाची श्रेणी 2 मिळते. इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 1520 वाला आणि 1600 वाला, दोघेही याच खणात पडतात, आणि त्या काळात हार्वर्डच्या एकूण अर्जदारांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जण याच खणात होते. 1 ही श्रेणी एक टक्क्याहूनही कमी अर्जदारांच्या वाट्याला येत होती, आणि ती मिळण्यासाठी निर्दोष गुण पुरेसे नव्हते. स्वतःचे म्हणता येईल असे काही बौद्धिक काम दिसावे लागे, जे प्रसंगी त्या विषयाच्या प्राध्यापकाला दाखवून त्याचे मत घेतले जाई. अशा अर्जदारांतल्या बहुसंख्यांना प्रवेश मिळत होता. म्हणजे 1520 वरून 1600 वर जाण्यासाठी खर्ची घातलेल्या एका उन्हाळ्याने खण बदलत नाही. बदलू शकले असते ते दुसऱ्याच कशाने.

श्रेण्या दिल्या म्हणजे बेरीज करून यादी लागते, असेही नाही. अर्ज प्रदेशवार गठ्ठ्यांत विभागलेले असतात, त्या त्या प्रदेशाची उपसमिती त्यांवर चर्चा करते, आणि शेवटी सुमारे चाळीस जणांच्या पूर्ण समितीत मतदान होते. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकेचा संच निवडणारा दिग्दर्शक जसा सगळी मुले नायकाच्याच भूमिकेला शोभणारी घेत नाही, तशी ही समिती एका तुकडीची जुळवाजुळव करत असते. मोंटानातल्या गुराढोरांच्या गावातून आलेला, लॅटिन शिकू इच्छिणारा मुलगा आणि एडिसनमधली संगणकशास्त्र घेऊ इच्छिणारी मुलगी यांची स्पर्धा एकमेकांशी क्वचितच असते. त्या मुलीची खरी स्पर्धा तिच्याच शाळेतल्या, तिच्याच आवडीच्या, तिच्याइतकेच गुण असलेल्या आणखी अकरा जणांशी असते. आजोबांना फोनवर सांगता येईल असे हे उत्तर आहे, पण ते पूर्ण उत्तर नाही.

कारण ही जुळवाजुळव निरागस नाही. न्यायालयीन कागदपत्रांत अर्जदारांचा एक गट वेगळा काढलेला होता: संघासाठी प्रशिक्षकांनी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदार वगैरेंशी संबंधित म्हणून अधिष्ठात्यांच्या खास यादीत असलेले, आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले. हा गट अर्जदारांत 5 टक्क्यांच्या आसपास होता आणि प्रवेश मिळालेल्यांत 30 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या ‘व्यवस्थापन कोट्या’शी परिचित असलेल्या वाचकाला अधिक सांगायला नको, फरक इतकाच की आपल्याकडे कोट्याला कोटा म्हणतात. खेळांच्या बाबतीतही मनात बास्केटबॉल किंवा धावण्याच्या शर्यती येतात, पण या विद्यापीठांच्या संघांत वल्हवणे, तलवारबाजी, शिडाची होडी आणि स्क्वॉश हेही खेळ असतात, आणि ते कोणत्या घरांतली मुले खेळतात हे उघड आहे.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याला आकड्यांचा आधार दिला. आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी चार मिळून बारा विद्यापीठे त्यांनी तपासली. सॅट किंवा एसीटीचे गुण सारखे असताना, सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतले मूल तिथे शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक आढळली. त्यातल्या प्रवेश देण्यातल्या तफावतीची कारणे तीन निघाली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना मिळणाऱ्या अभ्यासेतर बाबींतल्या वरच्या श्रेण्या. 2019 मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात रिक सिंगर या मध्यस्थाने पालकांकडून पैसे घेऊन मुलांना कधीच न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून दाखवले होते, आणि काहींच्या सॅट-एसीटीच्या उत्तरपत्रिकाही दुरुस्त करवल्या होत्या. त्यात बनावट गुणांइतकाच बनावट खेळाडूपणाचा भाव होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाजाराला कोणत्या दाराची किंमत काय, हे बरोबर ठाऊक असते.

‘सर्वांगीण मूल्यमापन’ या गोंडस नावाचा जन्मही फारसा गोंडस नाही. 1920 च्या दशकात केवळ प्रवेशपरीक्षेच्या जोरावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या हार्वर्डमध्ये वाढू लागली, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी 1922 मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा आणण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादेला विरोध झाल्यावर चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, भौगोलिक वैविध्य असे निकष पुढे आले. सॅटची पहिली परीक्षा 1926 मध्ये झाली; ती रचणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम हे त्या वेळी वांशिक श्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते होते, पण 1930 मध्ये त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले. पुढे हार्वर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स कॉनंट यांनी तीच परीक्षा 1934 पासून शिष्यवृत्तीसाठी वापरली आणि तीही उलट हेतूने, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या खानदानी शाळांबाहेरची हुशार मुले शोधण्यासाठी. एकच परीक्षा दार लावायलाही उपयोगी पडते आणि उघडायलाही, हा वाद तेव्हापासून तसाच चालू आहे. वर सांगितलेल्या खटल्यातही आशियाई वंशाच्या अर्जदारांना, ज्यांत आपली मुलेही आली, अभ्यासात वरच्या आणि ‘व्यक्तिमत्त्वा’त खालच्या श्रेण्या मिळत असल्याचे दिसले. खालच्या न्यायालयाला त्यात हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नाही. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र प्रवेशांत वंशाचा विचार करण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप या निकालाने गेले नाही.

इतके वाचून ‘मग ही परीक्षा हवीच कशाला’ असे कोणी म्हणेल, तर तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. करोनाच्या काळात परीक्षाकेंद्रे बंद पडल्यामुळे बहुतेक विद्यापीठांनी गुण देणे ऐच्छिक केले होते. एमआयटीने मार्च 2022 मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले. कारण सरळ होते: तिथे कोणताही विषय घेतला तरी कलनशास्त्राच्या आणि त्यावर आधारलेल्या भौतिकशास्त्राच्या दोन-दोन सत्रांतून प्रत्येकाला जावेच लागते, आणि त्यात कोण तरेल हे ओळखायला गणिताचे गुण उपयोगी पडतात. डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड यांनी 2024 मध्ये तीच वाट धरली. डार्टमथच्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दिसली होती. साध्या शाळांतली, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले 1400 च्या आसपासचे गुण ‘इथे हे कमीच पडतील’ असे समजून लपवत होती. प्रत्यक्षात ते गुण त्यांच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर पाहिले असते, तर त्यांच्याच बाजूने बोलले असते. याच्या नेमके उलट, कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी हे गुण पाहणेच बंद केले आहे. तिथे बर्कलीला अर्ज करणाऱ्याचे 1600 कोणी वाचतही नाही.

म्हणून एमआयटीच्या प्रवेशाधिकाऱ्यांनी 2022 मध्ये दिलेले स्पष्टीकरण मला या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांचे म्हणणे असे होते की, विद्यार्थ्याची इथला अभ्यास पेलण्याची तयारी आहे हे एकदा सिद्ध झाले, की त्या बिंदूपलीकडचे गुण आम्ही विचारात घेतच नाही, आणि पैकीच्या पैकी गुणांना आम्ही प्राधान्यही देत नाही. परीक्षा उंबरठ्यासारखी वापरली जाते. उंबरठ्याच्या आत चार बोटे आलेला आणि हातभर आत आलेला, दोघेही घरातच असतात. मात्र उंबरठ्याबाहेर राहिलेल्याला ती परीक्षा खरोखर अडवते, आणि म्हणूनच 1250 वरून 1450 वर जाण्यासाठी केलेली मेहनत 1550 वरून 1600 वर जाण्याच्या मेहनतीपेक्षा कितीतरी अधिक फळ देते.

भारतातून थेट अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक पदर आहे. परदेशी अर्जदारांचा गट वेगळा असतो आणि तो अधिक चिंचोळा असतो. एमआयटीत परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादाच आहे. त्यात पैशांचा प्रश्न येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराने आर्थिक मदत मागितली आहे की नाही, हे प्रवेशाचा निर्णय घेताना पाहत नाहीत. स्टॅनफर्डसह बाकीच्या बहुतेक ठिकाणी ते पाहिले जाते. नाशिकच्या एखाद्या मुलाला 1600 असले आणि त्याला पूर्ण शिष्यवृत्तीची गरज असली, तर अशा ठिकाणी त्याची फाईल पूर्ण शुल्क भरू शकणाऱ्या 1530 वाल्याच्या फायलीपेक्षा अवघड ठरू शकते. प्रवेश-सल्लागारांच्या जाहिरातींत ही गोष्ट ठळक अक्षरांत क्वचितच दिसते.

ज्याला अफवांऐवजी कागद पाहायचा असेल, त्याच्यासाठी तो उपलब्ध आहे. बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एक ठरावीक नमुन्यातले विवरण प्रसिद्ध करतात आणि ते कोणालाही फुकट वाचता येते. त्याच्या सी 9 या भागात प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा पट्टा असतो. हार्वर्डच्या अलीकडच्या विवरणांत सॅटसाठी हा पट्टा 1500 ते 1580 च्या आसपास आहे; म्हणजे गुण कळवलेल्यांपैकी जवळजवळ पाव विद्यार्थी 1500 च्याही खाली आहेत. 1540 मिळाले असताना तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी का, याचे उत्तर त्या एका ओळीत मिळते. सी 7 या भागात कोणत्या बाबीला किती महत्त्व, याचा तक्ता असतो. हार्वर्ड त्यात जवळपास प्रत्येक बाबीपुढे ‘विचारात घेतली जाते’ एवढीच सावध खूण करते आणि काहीच कळू देत नाही. एमआयटी अधिक मोकळेपणाने भरते. शाळेतल्या श्रेणी, अभ्यासक्रमाचा कस, परीक्षेचे गुण हे सगळे तिथे ‘महत्त्वाचे’ या रकान्यात आहेत, पालक तिथलेच माजी विद्यार्थी असणे ‘विचारात घेतले जात नाही’ या रकान्यात आहे, आणि ‘अतिशय महत्त्वाचे’ या रकान्यात एकच खूण आहे, ती अर्जदाराच्या स्वभावापुढे.